दगड उघडा पडला की

१४ जानेवारी १९९८

संक्रांत. जयम्मा एळ्ळु-बेल्ला घेऊन आली, मी तिळगूळ दिला. वरच्या अळीतल्या मुनियप्पाची बायको. माझ्या दोन्ही बाळंतपणांत निपाणीहून आई पोचायच्या आधी हीच हजर, हिनेच न्हाऊ घातलं. विचारत होती, "अक्का, यंदा केऱ्यात पाणी किती?" म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला विचार की. रोज बांधावर काठी घेऊन मोजत असतो मेला." दोघी हसलो. ती गेल्यावर मी स्वतः केऱ्याच्या, म्हणजे तळ्याच्या, बांधावर जाऊन आले. दगडावर कमरेएवढंसुद्धा पाणी नाही. जानेवारीत! घरी येऊन ह्यांच्यावर विनाकारण ओरडले.

२३ जानेवारी

हा नियम कुणी केला त्याला धरून विचारावंसं वाटतं. तूबाजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या दारापाशी, एक काळा दगड रोवलाय. तो पाण्याखाली आहे तोवर केरे आमच्या बारा घरांच्या सोसायटीचं. बोटुकली, माशांची बोटाएवढी पिल्लं, आम्ही सोडायची, राखण आम्ही करायची, धरायची आम्ही. दगड उघडा पडला की केरे सगळ्यांचं. वरची अळी तमटे (आपली हलगी) वाजवते, आणि जो उतरेल त्याच्या हाताला लागेल तो मासा त्याचा. जाळं, टोपली, लुगडं, काहीही घेऊन या.

नियम वाईट नव्हता. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे सांगायचे, दहा वर्षांत एकदा दगड दिसतो, तोही मे संपता संपता. तोवर आमचा कटला, रोहू मारतहळ्ळीला विकून झालेला असायचा. उरलंसुरलं गावाने खाल्लं तर पुण्यच म्हणायचे. आता तीन वर्षं झाली, मार्च उजाडला की दगड बाहेर. मासा तेव्हा पावशेराचासुद्धा नसतो. गेल्या साली लोक नुसते चिखलात नाचले, वीतवीतभर मासे पायाखाली तुडवले. ह्यांचं बोट मोडलं, ते अजून वाकडं आहे. चंद्रूच्या पाठीत कुणीतरी कोयत्याची मूठ घातली. चंद्रू माझा धाकटा दीर. सासूबाई गेल्या तेव्हा नऊ वर्षांचा होता, मीच वाढवला. मेमध्ये त्याचं लग्न आहे, होसूरकडची मुलगी.

यंदा तुडवू देणार नाही. सांगून ठेवते.

२ फेब्रुवारी

मत्स्यखात्याचा साहेब आला होता. पोरगेला, चष्मेवाला, पण बोलतो नीट. म्हणाला, "अक्का, पाऊस आता तुमच्या सासऱ्यांच्या वेळचा राहिला नाही. येतो तेव्हा चार दिवसांत केरे फोडतो, नाहीतर तोंड दाखवत नाही. ऊन फेब्रुवारीतच. बोटुकली मोठी घेऊन सोडा, जानेवारीपासून धरायला लागा, मधोमध खोल खड्डा काढा. आणि पहिल्यांदा तो दगडाचा नियम बदला."

हे म्हणाले, "सरी सार, सरी." ह्यांची सरी म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही. ह्यांचे पूर्वज म्हणे फौजेबरोबर इकडे आले. तीनशे वर्षांत तलवार गेली, मराठी अर्धी गेली, सरी तेवढी मिळाली.

५ फेब्रुवारी

हे आणि चंद्रू नियम बदला म्हणायला वर गेले होते. मुनियप्पा ओट्यावर बसलेला. म्हणाला, "नारायणअण्णा, माझी नाचणी दोन वर्षं जळली. बोअरला पाणी नाही. दगड दिसतो तेव्हा माझ्या घरात आठ दिवस पोटभर जेवण असतं. तेही काढून घेता?" त्यात खोटं काही नाही, हे मला ह्यांनी घरी येऊन सांगितलं. तिथे मात्र चंद्रू म्हणाला, आमच्या पोरांचं ताट ओढून जेवता होय. मग मु.ने त्याच्या थोबाडीत दिली. चं.ने त्याला ओट्यावरून खाली खेचला. पाचसात जण धावले. हे मध्ये पडले, ह्यांचा सदरा फाटला.

हळद लावली चं.च्या गालाला. हसत होता गाढव. "वैनी, लग्नात नवरदेव काळानिळा दिसेल."

८ फेब्रुवारी

कल्पना माझी. लिहून ठेवते, उद्या कुणी ह्यांना बोल लावला तर.

सकाळी सगळे तोंडं पाडून बसले होते. दगडावर गुडघाभर पाणी. मी भाकऱ्या थापत होते, तिथूनच म्हटलं, "दगड बुडलेला पाहिजे ना? मग बुडवा की. सर्जापूर रोडच्या नव्या लेआउटची मोरी बांधापलीकडून वाहून जाते फुकट. चर खणा, आत घ्या." हे म्हणाले, "घाण पाणी इंदू." म्हटलं, "नियमात कुठे लिहिलंय पाणी स्वच्छ पाहिजे म्हणून?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग चंद्रू जोरात हसला. दोन दिवसांत चर खणून होईल म्हणतो.

१६ फेब्रुवारी

पाणी वर चढतंय. वास येतो, पण सवय होते. पाणी हिरवंगार झालं आणि मासा अधाशासारखा वाढतोय. ह्यांनी एक कटला काढून दाखवला, गेल्या साली एप्रिलमध्येसुद्धा एवढा नव्हता. मला म्हणाले, "स्वल्प डोकं आहे तुला." स्वल्प!

साहेब परत आला, बघून तोंड वाकडं केलं. "दगडावर पाणी आहे की नाही ते माशाला ठाऊक नसतं, अक्का. त्याला श्वास घ्यायला हवा लागते. गरम पाण्यात ती आधीच कमी, त्यात ही घाण." मी म्हटलं, साहेब, तुम्ही चहा घ्या. घेतला, आणि निघून गेला.

२४ फेब्रुवारी

मु.ची म्हैस फुगून मेली. केऱ्यावरचं पाणी प्यायली म्हणतात. असेलही. दहाबारा जण पहारी घेऊन चर बुजवायला आले. चंद्रू आणि आमची पोरं तिथेच बसलेली. मी पोचले तेव्हा एकाचं डोकं फुटून रक्त कानावर आलेलं, आमच्या शेजारच्या व्यंकटेशचा हात लोंबत होता. मी मासे धुतलेल्या पाण्याची बादली ओतली त्यांच्या अंगावर. एकजण अंगावर धावला, त्याला बादलीच हाणली. मग पांगले. जाताना मु. ओरडला, "अक्का, बाईमाणूस म्हणून सोडतो." म्हटलं, सोडू नको, ये की!

घरी आल्यावर हे ओरडले, बायकांनी मध्ये यायचं काम नाही. बोलून काय, चर वाचली ती बायकांमुळेच.

१ मार्च

आम्ही मारतहळ्ळीच्या बाजारात असताना दुपारी कुणीतरी जाळी जाळली. झाडाला वाळत टाकलेली पाचही. नायलॉनचे काळे गोळे झालेत. राखणीला बसलेल्या म्हातारबांना खांबाला बांधून ठेवलं होतं, तोंडात फडकं कोंबून. त्यांचं धोतर ओलं झालेलं. ह्यांचे चुलते ते, सत्तरीचे. मला बघून रडायला लागले.

चं. विळा घेऊन निघाला होता. मी दारात आडवी पडले. म्हटलं, माझ्यावरून जा. नाही गेला. पण खरं सांगू, त्याला अडवताना मनात येत होतं, जाऊ दे, कापू दे एखाद्याला.

९ मार्च

दळणाच्या गिरणीत जयम्मा भेटली. आधी दोघींनी आपापले डबे मांडले. मग तीच म्हणाली, "अक्का, पुरुष भांडतात, आपण कशाला?" मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याने म्हाताऱ्याला बांधला." ती म्हणाली, "तुझ्या पाण्याने माझी म्हैस मेली. दुधावर घर चालत होतं." पीठ घेऊन दोन रस्त्यांनी घरी आलो. गिरणीपासून दोघींच्या घरांना जवळचा रस्ता एकच आहे.

१७ मार्च

गेलं. सगळं गेलं.

तीन दिवस आभाळ दाटलेलं, पाऊस नाही, पान हलत नाही, उकाडा असा की अंगातून पाणी गळतंय. आज उजाडता उजाडता चं. पळत आला, "वैनी, मासे वर आलेत." बांधावरून पाहिलं. आख्ख्या केऱ्यावर तोंडंच तोंडं. पाण्याबाहेर तोंड काढून आ वासतायत. बारा घरांची माणसं उतरली, बायका, पोरं. बांबूने, वल्ह्याने, हाताने पाणी बडवायचं, म्हणजे पाण्यात हवा जाते. दोन तास बडवलं. माझ्या हातांची सालटं निघाली. मासे पायांवर येऊन आपटत होते आणि तसेच उलटे होत होते. ऊन वर आलं तोवर पांढरं पोट वर करून अर्धं केरे भरलेलं.

दगड मात्र पाण्याखाली. चांगला दोन वितीभर.

हे एक शब्द बोलले नाहीत मला. बोलायला हवं होतं. हात दाखवून अवलक्षण माझं. साहेबाने सांगितलं होतं, मी चहा पाजला.

१९ मार्च

मेलेले मासे बांधाखाली पुरले. अख्खा दिवस. कावळे, घारी, कुत्री. मधल्या खोल भागात थोडे जिवंत आहेत, मोठे, तेच आता आमचं वर्ष. ह्यांनी सोसायटीची बैठक घेतली, आठवडाभरात जाळी उसनी आणून तेवढे काढून घ्यायचे ठरलं.

आज वरच्या अळीने चर बुजवली, वाळूच्या पोत्यांनी. आमच्या कुणात उठून जायचं त्राण नव्हतं. ऊन असं आहे की पाणी डोळ्यादेखत उतरतंय. त्यांनी तूबाचं दारही किलकिलं केलंय असं व्यंकटेश म्हणतो. पाहिलं कुणी नाही.

२२ मार्च

परवा दगड उघडा पडला. काल सकाळी तमटे.

अक्षर नीट येत नाही, हातांची सालटं अजून भरली नाहीत.

दीडेकशे माणसं असतील. टोपल्या, फाटकी जाळी, काठ्या. आम्ही मधल्या खोल पाण्याभोवती कडं केलं होतं, गळ्याएवढ्या पाण्यात हे आणि चं. टोपलीच्या होडीत, मी काठाच्या चिखलात वल्हं घेऊन. हे ओरडून सांगत होते, दार तुम्ही उघडलंत, हे खरे तमटे नव्हेत. कोण ऐकतो. पहिला दगड होडीवर आला, मग होडीच उलटली. मग माणसं कुणाला मारतायत ते कळेना. सगळे चिखलाने एकाच रंगाचे. व्यंकटेशच्या मोडक्या हातावर कुणी नाचत होतं. एक बाई माझे केस धरून ओढत होती, तिला मी चावले. तोंडात रक्ताची चव आली, तिचं.

मग बघते तो मु.ने ह्यांना काठाला ओढून चिखलात पालथं घातलेलं, मानेवर गुडघा, एका हाताने केस धरून तोंड चिखलात दाबतोय. हे पाय झाडत होते. मग थांबले झाडायचे.

मी वल्हं मारलं.

चंद्रूने येऊन वल्हं माझ्या हातातून काढून घेतलं. "वैनी, बांधावर जा." मला ढकललं. ह्यांच्या डोळ्यांत, नाकात चिखल, ह्यांनी काहीच पाहिलं नाही. बाकी लोक माशांवर तुटून पडलेले. बांधावर जयम्मा उभी होती, ती पाण्यात उतरली नव्हती.

पोलीस आले तेव्हा चं. वल्हं घेऊन मु.जवळच उभा होता. म्हणाला, मी मारलं.

२४ मार्च

मु. शुद्धीवर नाही. मोठ्या इस्पितळात नेलाय. चं. कोठडीत, तीनशे सात, खुनाचा प्रयत्न, लावलंय. मी पोलिसांकडे निघाले होते. ह्यांनी दाराला कडी घातली आणि मला ढकलून खाटेवर पाडलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा हात लावला अंगाला. "तू काय बोलणार आहेस ते मला ऐकायचं नाही. मी काही पाहिलं नाही, मला काही ठाऊक नाही." म्हणजे ठाऊक आहे. मग म्हणाले, जे. पी. नगरात नणंदेकडे जा आठ दिवस. गेले नाही.

दुपारी घरावर दगड. कौलं फुटली. स्वयंपाकघरात बसून राहिले, एक दगड चुलीत पडला, राख उडाली. जोरजोरात शिव्या देत होते मी, एकटीच, निपाणीच्या शिव्या, इथे कुणाला कळतही नाहीत.

२८ मार्च

पाडवा. गुढी नाही.

चं.ला डबा द्यायला गेले. हवालदार बाहेर गेल्यावर म्हटलं, "मी सांगणार आहे." तो म्हणाला, "वैनी, तुमच्या हातचं खाऊन वाढलो. आता गप्प बसा." मी रडायला लागले. तो गजांजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "एकच विचारतो. ते विचारतात, किती वेळा मारलं. मी एकदा म्हटलं. डॉक्टर म्हणतो घाव दोन आहेत. किती सांगू?"

म्हटलं, "दोन."

त्याने माझ्याकडे पाहिलं. असं कधी पाहिलं नव्हतं. मग डबा उघडला आणि खायला लागला.

३१ मार्च

मु. शुद्धीवर आला. डावा डोळा गेला. बोलतो. सगळी अळी म्हणते आता नाव सांगणार. मी सकाळपासून पातळ नेसून बसले होते, पोलीस येतील म्हणून. ज्वारी निवडली, भांडी घासली, परत घासली. कुणी आलं नाही. संध्याकाळी व्यंकटेश सांगत आला, मु.ने जबाब दिला. नाव चंद्रूचं घेतलं.

का? माझ्याकडे बघत होता तो!

६ एप्रिल

जयम्मा आली. मागच्या दाराने. मी पाट दिला, बसली नाही.

"त्याने मला सांगितलंय कोण ते," म्हणाली. "आणि मी पाहिलंय." म्हटलं, "मग खोटं का बोलला?" ती म्हणाली, "बाईच्या हातचं खाऊन पडला म्हटलं तर पंचांत कसा बसेल? चहाच्या दुकानात कसा जाईल? डोळा गेला ते चालतं त्याला अक्का, हे नाही चालत."

मी तिचे पाय धरायला वाकले. तिने पाय मागे घेतले. "पाय नको धरू. मला तुझा राग करायचाय, करू दे." मग ओट्यावर बसून रडली. मी शेजारी बसले नाही, माझं तोंडच नव्हतं. जाताना म्हणाली, रोज त्याची पट्टी बदलते, आत बघवत नाही.

१५ एप्रिल

होसूरहून निरोप. लग्न मोडलं. मुलीचा बाप म्हणे सभ्य माणूस आहे, रागाने काही बोलला नाही. चं.ला सांगायचं कुणी? मी सांगितलं. म्हणाला, "बरं झालं, काळानिळा नवरदेव कुणाला हवा होता." हसला नाही यावेळी.

२३ एप्रिल

आक्रीत घडलं. वरची अळी आणि आमची बारा घरं एका बैठकीला बसली. मत्स्यखात्याचा साहेब मध्ये. मु. डोळ्याला फडकं बांधून आला होता. दोन्ही बाजू थकल्यात. केऱ्यात आता फक्त चिखल, भांडायला काही उरलंच नाही, म्हणून ऐकत होते.

ठरलं असं. पुढच्या सालापासून दगडावर काही नाही. तमटे वैशाख लागल्याशिवाय वाजायचे नाहीत, मग पाणी असो नसो. पावसाआधी दोन्ही अळ्यांनी मिळून मधोमध खड्डा खणायचा. जानेवारीपासून जे मोठे मासे निघतील त्यातला चौथा हिस्सा वरच्या अळीत वाटायचा, जळलेल्या नाचणीच्या बदल्यात. मोरी बंद. साहेब म्हणाला, हे पाच वर्षांपूर्वी केलं असतंत तर.

शेवटी मु. बोलला. "हे सगळं मला कबूल. एकाच अटीवर. मारणारा चंद्रू आहे, तसंच राहिलं पाहिजे. कुणी दुसरं काही बोललं तर हा करार नाही, आणि पुन्हा बघून घेऊ." माझ्याकडे त्याने बघितलं नाही. सगळ्या सभेत तेवढं एक तोंड सोडून सगळीकडे बघितलं.

हे घरी येताना रडत होते. आनंदाने. "इंदू, बारा घरं वाचली." मी म्हटलं, "आणि तेरावं?" म्हणाले, "तो माझा भाऊ आहे, मला शिकवू नको."

२ मे

ठाण्यातला मोठा साहेब म्हणतो, दोन्ही बाजूंचे जबाब जुळले तर कलम हलकं होईल, चं. दीड-दोन वर्षांत सुटेल. त्यासाठी एक साक्षीदार हवा, डोळ्यांनी पाहिलेला, आमच्या बाजूचा. ह्यांना दिसत नव्हतं, चिखल होता. मग कोण?

मी. चंद्रूने मारताना पाहिलं म्हणून मी सही करायची. नऊ तारखेला.

पहिल्यांदा हसूच आलं. मग इतका संताप आला की हातातलं ताट भिंतीवर मारलं. हे भात गोळा करत बसले.

६ मे

चं.ला भेटले. म्हटलं, बोल, काय करू. म्हणाला, "सही करा." म्हटलं, तू एकतीस वर्षांचा. म्हणाला, "सुटलो की तेहतीस. मरत नाही मी. तुम्ही बोललात तर व्यंकटेश मरेल, नाहीतर अण्णा. परत सगळं तसंच." त्याच्या मनगटावर खरूज आलीये. खोबरेल तेल द्यायला हवं.

वाटेत जयम्माच्या दारात थांबले. म्हटलं, "मी बोलणार आहे." ती सूप घेऊन पाखडत होती, हात थांबला नाही. "बोल. त्याने विहिरीत उडी टाकली तर काढायला तू ये. बोल अक्का, मोकळी हो. मोकळं होणं तुलाच परवडतं." पाखडत राहिली. मी उभी, ती पाखडतेय. मग आत गेली.

९ मे

दहाला ठाण्यावर पोचायचंय. हे अंघोळ करून तयार. मी साडी नेसून तासभर बसले आहे. वही काढली, म्हटलं, निदान इथे तरी खरं लिहावं, मागे लिहिलं ते अर्धंच होतं.

पहिलं वल्हं ह्यांच्यासाठी मारलं. त्याचं मला काही नाही, देवापुढेही सांगेन, पुन्हा वेळ आली तर पुन्हा मारीन. ते खांद्यावर बसलं. मु. कुशीवर कलंडला, हे सुटले, बाजूला खोकत होते. मी पाहिलं की हे खोकतायत, जिवंत आहेत. मु.ने हात वर केला. माझ्याकडे बघून म्हणाला, "अक्का, बेडा." नको म्हणाला. आरडाओरडा होता, पण मी ऐकलं, स्वच्छ ऐकलं. राग तोवर गेला होता. डोकं थंड होतं, कुठे मारायचं ते बघून मारलं.

हे चंद्रूला ठाऊक नाही. तो समजतो वैनीने अण्णाला वाचवलं.

रिक्षा आली. हे हाका मारतायत. एकदा, दोनदा. साहेबांपुढे कागद आला की सही करीन की तोंड उघडीन, आणि उघडलं तर किती, पहिल्या घावापर्यंतच की दुसऱ्याचंही, शप्पथ सांगते मला अजून